शेपटीतलं पुरण

गुनसानच्या बसस्थानकामागे, जिथे वारा
समुद्राकडून तिकीट न काढता सरळ आत शिरतो,
तिथे माझी गाडी. निळी ताडपत्री, एक पिवळा दिवा
आणि बिडाचा साचा, एका वेळी आठ मासे.
आठांतल्या एकालाही काटा नाही.

हे आधी सांगावं लागतं.
मागच्या डिसेंबरात एक उंच मास्तर आला, न्यूझीलंडचा.
शेपूट धरून मासा उलटापालटा केला, विचारलं,
"कुठला मासा?"
पिठाचा, म्हटलं. आत लाल चवळीचं पुरण.
"कडधान्य गोड करतं का कोणी?"
दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग घेऊन.
मत मात्र बदललं नाही त्याचं.
कडधान्य गोड नसावं, असं तो अजूनही म्हणतो,
तोंड भरलेलं असताना.

मतं फुकटच असतात, रश्शासारखी.
फिशकेकच्या काड्या ज्या पातेल्यात उभ्या असतात
त्यातलं पाणी मी कागदी पेल्यातून देते. पैसे नाहीत त्याचे.
एका जर्मन जोडप्याला हे पटेचना.
पाकीट काढलं, पेला उचलला, हुंगला, खाली ठेवला.
फुकट आहे म्हणजे कुठेतरी गोम असणार!
गोम इतकीच, की रस्सा प्यायला माणूस थांबतो,
आणि थांबलेला माणूस
आणखी एक काडी उचलतो.

मावशी म्हणतात मला सगळेच.
माझ्या सख्ख्या बहिणीला मूलबाळ नाही.

फिनलंडची ऐला कोटाची बटणं उघडी टाकून होत्तोक खाते.
तिचं मत थंडीविषयी.
"ही थंडी? मावशी, ही तर आमची एप्रिलची दुपार."
माझ्या अंगात तेव्हा तीन स्वेटर,
कमरेला गरम पाण्याची पिशवी.
पुढचा होत्तोक मी तिला तव्यावरून थेट हातात दिला.
साखरेचा पाक जिभेवर फुटला तेव्हा ती जे ओरडली
ते शब्द कळले नाहीत. अर्थ कळला.

शेजारी ग्वाक म्हाताऱ्याचं पातेलं, रेशमाच्या किड्यांचं.
त्याची वाफ लांबूनच माणसं पारखते.
पर्यटक नाकाला मफलर लावतात आणि फोटो काढतात.
तुएत मात्र थांबते. हायफाँगहून लग्न होऊन आलेली,
नावाचा अर्थ बर्फ,
आणि बर्फ पाहिला तो इथेच, पंचविसाव्या वर्षी.
किडे टोचून खाताना म्हणाली,
"लिंबाची पानं हवी होती. बारीक चिरून."
म्हाताऱ्याने चाळीस वर्षांत पहिल्यांदा
पातेल्यात वाकून पाहिलं.

आणि शेरझोद.
फरगान्याचा, बोटींच्या कारखान्यात वेल्डिंग करतो.
दोन हिवाळे, रोज रात्री साडेनऊला,
तीन मासे, दोन हजार वॉन.
छान नाही, वाईट नाही, काही म्हणून नाही.
मला वाटायचं, याला जीभ फक्त पैसे मोजायला आहे.

परवा बर्फ भुरभुरत होता, गिऱ्हाईक नव्हतं.
त्याने पिशवीतला एक मासा काढून माझ्यापुढे धरला.
"तुम्ही सांगा, मावशी."

मी काय सांगणार?
अकरा हिवाळे विकतेय. करपलेले खाल्ले,
फाटलेले खाल्ले, रात्री उरलेले, दगड झालेले.
अख्खा, गरम, दुसऱ्याच्या पैशाचा कधीच नाही.
डोक्याकडून सुरुवात केली. डोकं उत्तम.
पोट भरलेलं. टाळू भाजला, भाजू दे.
मग शेपूट.
नुसतं पीठ. आत पोकळ, कोरडं.

"कसं आहे?"
"शेपटीत पुरण नाही," मी म्हटलं.
"हो," तो म्हणाला. "दोन वर्षं."

तेव्हापासून चमचा शेपटीपर्यंत ओढते.
चवळी महागलीय, हिशेब बसत नाही.
काल मास्तर म्हणाला, आता जरा जास्तच गोड झालंय.
सहा घेऊन गेला.